दुधाच्या दाताचं रूट कॅनाल

दुधाचे दात तर पडणारच आहेत, मग त्यांच्यावर रूट कॅनाल कशासाठी? चार-पाच वर्षांचं मूल घेऊन दंतवैद्याच्या दवाखान्यात बसलेल्या बहुतेक आईवडिलांच्या मनात हा प्रश्न असतो. काही जण तो विचारतात. काही जण मनातच ठेवतात आणि पुढच्या तारखेला येत नाहीत. प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे आणि तो सहसा कुणी विचारत नाही. दाताच्या मुळात डॉक्टर जे भरतात, ते असतं तरी काय? आणि दात पडायची वेळ आली की त्याचं काय होतं?

मी काही दंतवैद्य नाही, शब्दांचा धंदा करणारा माणूस आहे. पण माझ्या नातवाची दाढ सुजली तेव्हा हा विषय घरात आला. "दूध का दाँत है, गिर जाएगा अपने आप," असा निकाल आमच्या घरातल्या थोरल्या मंडळींनी देऊन टाकला होता. डॉक्टरीणबाईंनी काही वाद घातला नाही. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला. दुधाच्या दाढेच्या दोन मुळांच्या बेचक्यात खालची कायमची दाढ कळीसारखी दिसत होती. त्या दिवसापासून मी विचारत गेलो, वाचत गेलो. त्यातलं जे सर्वांच्या उपयोगाचं, ते इथे सांगतो.

आधी दातांचं वेळापत्रक पाहू. दुधाचे दात एकूण २०. पहिला साधारण सहाव्या महिन्यात येतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत सगळे येऊन होतात. समोरचे दात सहा-सात वर्षांचे असताना पडू लागतात, हे सर्वांना ठाऊक असतं. मात्र मागच्या दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणजे चौथ्या वर्षी किडलेल्या दाढेची आणखी सहा-सात वर्षं नोकरी शिल्लक असते.

ही नोकरी नुसती चावण्याची नाही, जागा राखण्याचीही आहे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे पहिली कायमची दाढ उगवते. पुढची दुधाची दाढ काढून टाकली असेल तर ही नवी दाढ पुढे सरकते. एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखंच हे आहे. रुमाल उचलला की शेजारचा सरकून बसलाच. मग खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही, तो वाकडा येतो किंवा अडकून बसतो. म्हणून दाढ काढावीच लागली, तर डॉक्टर जागा राखणारी तार बसवतात.

"काढू नका, तशीच राहू द्या," हाही मार्ग सुरक्षित नाही. किडलेल्या दाढेखाली पू साचला तर तो नेमका घडत असलेल्या कायमच्या दाताच्या अंगावर साचतो. अशा दातावरचं कवच, म्हणजे इनॅमल, नीट तयार होत नाही. तो पांढरे किंवा तपकिरी डाग, खड्डे घेऊन उगवतो. दंतवैद्य त्याला 'टर्नरचा दात' म्हणतात. दुधाच्या दाताकडे केलेलं दुर्लक्ष असं पुढच्या दातावर कायमचं कोरलं जातं.

आता उपचाराकडे येऊ. दाताच्या आत मऊ गाभा असतो. त्यात रक्तवाहिन्या आणि नसा असतात. कीड गाभ्यापर्यंत पोचली, पण मुळांतला भाग अजून जिवंत असला, तर फक्त वरचा गाभा काढतात आणि उरलेल्यावर औषध ठेवतात. मुळांतला गाभाही सडला असेल, तर तो सगळा काढून मुळांच्या नळ्या धुतात आणि भरतात. लोक दोन्हींना रूट कॅनालच म्हणतात. पण दोन्हींतली औषधं वेगळी, त्यांचे परिणामही वेगळे.

मोठ्या माणसाच्या मुळात गटापर्चा नावाचा पदार्थ भरतात. मलाया भागातल्या झाडांचा हा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून टाकलेल्या तारेच्या केबलींवर याचंच वेष्टन असे, कारण पाण्यात तो टिकतो. दातातही तो तसाच, न विरघळता, वर्षानुवर्षं टिकतो. मोठ्यांसाठी हा गुण आहे, मुलांसाठी दोष. कारण दुधाचा दात पडतो तो मुळासकट पडत नाही. खालचा दात वर येऊ लागला की शरीरातल्या खास पेशी दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळवत नेतात. शेवटी वरचा भाग तेवढा उरतो आणि हलू लागतो. पडलेल्या दाताला मूळ दिसत नाही, ते यामुळेच. मूळ विरघळलं आणि आतली गटापर्चाची काडी तशीच राहिली, तर ती येणाऱ्या दाताच्या वाटेत आडवी येणार.

म्हणून मुलांच्या दातांसाठी अट अशी की भरलेला पदार्थ मुळाच्याच गतीने विरघळावा, मुळाच्या आधीही नाही आणि नंतरही नाही. त्याने जंतू मारावेत, पण खालच्या कळीला इजा करू नये. एक्स-रेमध्ये तो दिसायलाही हवा. या सगळ्या अटी तंतोतंत पाळणारा पदार्थ अजून मिळालेला नाही. जे आहेत, ते आपापल्या परीने या अटींच्या जवळ जातात.

यातला सर्वांत जुना म्हणजे झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचा लेप. नाव परदेशी, पण ओळख घरचीच. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला मुख्य घटक. दात दुखला की आजी लवंग धरायला सांगे, त्यामागचं बळ हेच. जस्ताची पांढरी पूड या तेलात कालवली की लेप घट्ट होतो आणि जंतूंना दूर ठेवतो. अडचण एवढीच की तो मुळापेक्षा सावकाश विरघळतो. मुळाच्या टोकाबाहेर गेला तर त्याचे कण हाडात, हिरडीत बराच काळ राहू शकतात, आजूबाजूच्या पेशींना चुरचुर लावतात आणि क्वचित नव्या दाताची दिशाही थोडी बदलतात. म्हणून तो भरताना टोकाशी थांबण्याचं कसब लागतं.

दुसरा लेप आयोडोफॉर्म आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा. कॅल्शियम हायड्रॉक्साइड म्हणजे आपल्या पानाला लावायचा चुना, औषधाच्या शुद्धतेचा. त्याचा तीव्र क्षार जंतूंना मानवत नाही. आयोडोफॉर्म हे आयोडिनचं संयुग, जुन्या दवाखान्यांतल्या जखमेच्या पट्टीचा वास ज्यांना आठवतो त्यांच्या ओळखीचं. हा लेप टोकाबाहेर गेला तरी शरीर तो लवकर शोषून घेतं, म्हणून येणाऱ्या दाताला त्याचा अडथळा नाही. पण इथे उलटी अडचण. तो नळीच्या आतूनही लवकर नाहीसा होतो. दाढ जागेवर आणि आतली नळी पोकळ, असं झालं तर जंतू पुन्हा शिरू शकतात. आयोडोफॉर्मने दातावर पिवळसर-तपकिरी छटाही येऊ शकते. मुलाला आयोडिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

एक सावकाश जाणारा, दुसरा घाईने जाणारा. साहजिकच तिसरा लेप दोघांना एकत्र करून आला. त्यात झिंक ऑक्साइड, युजेनॉल, चुना, आयोडोफॉर्म सगळंच असतं. बाहेर गेलेला भाग शरीर शोषतं, आतला बराचसा टिकतो. अमेरिकेतल्या बालदंतवैद्यकाच्या अकादमीने २०२० मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सल्ला दिला, तो याच दिशेचा आहे. दात बराच काळ टिकवायचा असेल तर हा मिश्र लेप किंवा झिंक ऑक्साइड-युजेनॉल हे नुसत्या आयोडोफॉर्मच्या लेपापेक्षा बरे. मग आयोडोफॉर्मचा लेप टाकाऊ का? नाही. दात थोड्याच दिवसांत पडणार असेल तर लवकर विरघळणं सोयीचंच. कोणता पदार्थ चांगला, याचं उत्तर मुलाच्या वयावर आणि त्या दाताच्या उरलेल्या आयुष्यावर अवलंबून आहे.

आता वरचाच गाभा काढायच्या उपचाराबद्दल. इथे कित्येक दशकं फॉर्मोक्रेसॉल वापरलं गेलं. बकले नावाच्या दंतवैद्याने १९०४ मध्ये त्याची कृती दिली होती. त्यात फॉर्मॅल्डिहाइड असतं. ते शिल्लक गाभ्याला जणू लोणच्यासारखं मुरवून ठेवतं. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मॅल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या यादीत टाकलं. हा निष्कर्ष मुख्यतः श्वासावाटे सतत फॉर्मॅल्डिहाइड घेणाऱ्या कामगारांवरून काढलेला होता. दाताच्या उपचारात त्याचा केवळ अंश वापरतात आणि त्यातून मुलांना कर्करोग झाल्याचं सिद्ध झालेलं नाही. ज्यांच्या लहानपणी ते वापरलं गेलं त्यांनी घाबरायचं कारण नाही. पण चांगला पर्याय हाताशी असताना तो निवडावा, हे कुणालाही पटेल.

हा पर्याय आला तो एका अनपेक्षित दिशेने. कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांनी १९९०च्या दशकात एमटीए नावाचा पदार्थ पुढे आणला. त्याचा पाया पोर्टलंड सिमेंटचा, म्हणजे घरं बांधतो त्याच जातीचा. ओलाव्यात तो घट्ट होतो, चिरा बुजवतो आणि त्याच्याखाली गाभा स्वतःच कठीण थर बांधतो. इथे गाभा मुरवून ठेवलेला नसतो, जिवंत राहतो. एमटीए महाग आहे आणि त्याने दात करडा दिसू शकतो, पण मागच्या दाढेत तो डाग कोण पाहतो? गंमत अशी की पोकळ नळीत चालणारा चुना इथे जिवंत गाभ्यावर ठेवला तर दुधाचं मूळ आतून पोखरलं जाण्याचा धोका असतो. पदार्थ तोच, जागा बदलली की गुण बदलतो.

पदार्थ कितीही चांगला असला तरी वरचं झाकण चुकलं तर सगळं वाया. उपचार झालेली दाढ ठिसूळ असते. म्हणून तिच्यावर स्टीलची कॅप बसवतात. खर्च वाचवायला ती टाळली, तर फटीतून लाळ आणि जंतू आत जातात आणि आतल्या औषधाचा इलाज चालत नाही. चमकणाऱ्या दाढेची मुलांना लाज वाटत नाही, उलट ती मित्रांना तोंड उघडून दाखवतात. लाज आपल्यालाच वाटते. दाढ पडते तेव्हा कॅपही तिच्याबरोबर पडते.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात गप्प बसू नका. डॉक्टरांना चार गोष्टी सरळ विचारा. गाभा वरचाच काढणार की मुळांतलाही? आत कोणता पदार्थ भरणार आणि याच वयाला तो का? वर कॅप बसवणार का? पुन्हा तपासायला केव्हा येऊ? चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नांचा राग येत नाही. उपचारानंतर दुखणं थांबलं तरी ठरल्या तारखेला जाऊन एक्स-रे काढून घ्या. मूळ आणि लेप बरोबरीने विरघळताहेत की नाही, नवा दात सरळ येतो आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. दाढ पडायची वेळ उलटून गेली तर ती काढून घेण्याचा सल्लाही डॉक्टर देतील, तो ऐका.

आणि सगळ्यात स्वस्त औषध घरातच आहे. बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नये. पहिला दात आला की घासायला सुरुवात करावी. तीन वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. रात्रीचं घासणं मोठ्यांनी स्वतःच्या हाताने करावं. दाढेवर काळा ठिपका दिसला की दुखायची वाट पाहू नये, कारण ठिपक्याला साधं भरणं पुरतं. दुखू लागल्यावरच वर सांगितलेल्या या सगळ्या लेपांची गरज पडते.