खाऱ्या वाऱ्यातला जुना लॅपटॉप

रत्नागिरी शहराच्या समुद्राकडील अंगाला, भाट्ये खाडीच्या मुखाजवळ वसलेल्या मांडवीत वापरलेला लॅपटॉप विकत घेण्याचा प्रश्न घाटावरील शहरांतल्या त्याच प्रश्नाहून वेगळा ठरतो, कारण येथे यंत्राने किती वर्षे काम केले याइतकेच ते कोणत्या हवेत काम करीत होते आणि पुढे कोणत्या हवेत राहणार आहे, हेही पाहावे लागते. मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर घरात येतात आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतील पाणी शोषून स्वतःच विरघळू लागते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत पावसाळाभर हीच स्थिती असते. त्यातून मदरबोर्डवर, म्हणजे सर्व भाग जोडणाऱ्या मुख्य पाटीवर, वीजवाहक खाऱ्या पाण्याचा पातळ थर बसतो, आणि तांब्याच्या जोडण्या हिरवट पडून खाल्ल्या जातात.

बाजारात येणाऱ्या चांगल्या जुन्या लॅपटॉपांचा मोठा भाग कंपन्यांकडून येतो. अनेक कंपन्या यंत्रे तीन ते पाच वर्षांच्या भाडेकराराने घेतात आणि मुदत संपली की ती एकगठ्ठा बाहेर काढतात. तेथून ती मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, यांसारख्या बाजारांतून वा ऑनलाइन दुकानांतून जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचतात. १९९२ साली आयबीएमने सुरू केलेली आणि २००५ पासून लेनोव्होकडे असलेली थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक या कार्यालयीन वापरासाठीच्या मालिका आहेत. त्यांची बांधणी भक्कम असते आणि कीबोर्ड, बॅटरी, बिजागऱ्या असे सुटे भाग वर्षानुवर्षे मिळत राहतात. मात्र ‘सेकंडहँड’ म्हणजे जसे आहे तसे विकलेले यंत्र, तर ‘रिफर्बिश्ड’ म्हणजे तपासून, दुरुस्त करून पुन्हा वापरायोग्य केलेले यंत्र, हा भेद बिलावर स्पष्ट दिसला पाहिजे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत अशा नूतनीकरण करणाऱ्या व्यावसायिकांसाठी नोंदणीची तरतूद आहे, म्हणून विक्रेत्याकडे ती नोंदणी आहे का, हे विचारणे गैर नाही.

किमतीआधी पाहायची गोष्ट म्हणजे प्रोसेसरची पिढी. इंटेलच्या ‘आय५-८२५०यू’ या नावात जोडरेषेनंतरचा ८ हा आकडा आठवी पिढी दर्शवतो, आणि २०१७ साली आलेली ही पिढी खरेदीची सीमारेषा मानता येते, कारण विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने इंटेलची साधारणपणे आठवी वा त्यापुढची पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षाचिप आवश्यक ठरवली आहे, तर विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्याहून जुने यंत्र स्वस्त मिळाले तरी त्यावर लिनक्स मिंटसारखी मोफत प्रणाली बसवण्याची तयारी असेल तरच ते घ्यावे. मेमरी ८ जीबी आणि साठवणीसाठी फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क नव्हे तर एसएसडी असावी. जुन्या यंत्राचा संथपणा बहुतांशी या एका बदलाने जातो.

प्रत्यक्ष तपासणीत किनारपट्टीच्या ग्राहकाने पडद्याच्या चकाकीआधी यूएसबी आणि चार्जिंगच्या खाचा, तळाचे स्क्रू आणि बिजागऱ्या उजेडात पाहाव्यात. तेथे गंज वा हिरवट थर असेल तर आतली स्थिती याहून बरी असण्याची शक्यता कमी असते. बॅटरीची मूळ क्षमता आणि आज पूर्ण भरल्यावर मिळणारी क्षमता हे दोन्ही आकडे विंडोजच्या बॅटरी अहवालात मिळतात: मूळची ४८ वॉट-तासांची बॅटरी ३० वॉट-तासच भरत असेल, तर तिचे सुमारे ६२ टक्केच बळ उरले आहे आणि नव्या बॅटरीची किंमत सौद्यात धरली पाहिजे. बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होताच चालणाऱ्या मूळ आज्ञावलीला, पासवर्ड नसल्याची खात्री करावी. विंडोज नव्याने बसवून इंटरनेट जोडताच एखाद्या कंपनीच्या नावाने लॉगिन मागितले गेले, तर ते यंत्र अद्याप त्या कंपनीच्या दूरस्थ नियंत्रणात नोंदलेले असते, म्हणून ही चाचणी पैसे देण्याआधी व्हावी. बिलावर अनुक्रमांक असणे केवळ वॉरंटीसाठी महत्त्वाचे नाही. चोरीचा माल जाणूनबुजून वा तसे मानण्यास कारण असताना स्वीकारणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

यंत्र घरी आल्यावर आधीच्या मालकाच्या प्रणालीवर काम सुरू करू नये. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून विंडोज घेऊन, डिस्कवरील सर्व जुने विभाग पुसून ती नव्याने बसवावी. डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्यास तीच आवृत्ती इंटरनेट मिळताच आपोआप सक्रिय होते. त्यानंतर अद्ययावतीकरण आणि बायोसची नवी आवृत्ती हा क्रम ठेवावा, आणि शेवटी भाषेच्या सेटिंगमधून मराठी कीबोर्ड जोडावा. इन्स्क्रिप्ट ही कळरचना १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट असून युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कोणत्याही नव्या यंत्रावर तसाच उघडतो.

मांडवीतील देखभालीचा कालक्रम ऋतूप्रमाणे आखावा लागतो. आगोटीच्या सुमारास, पाऊस लागण्याआधी, पंखा आणि हवेच्या झरोक्यांतील धूळ जाणकाराकडून काढून घ्यावी, कारण धूळ ओल आणि मीठ दोन्ही धरून ठेवते. पावसाळ्यात यंत्र महिनोन्‌महिने बंद पिशवीत ठेवण्यापेक्षा रोज काही वेळ चालू ठेवणे हिताचे, कारण त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतली ओल कमी होते. साठवायचेच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. वातानुकूलित खोलीतून बाहेर आणलेले थंड यंत्र लगेच सुरू करू नये, कारण दमट हवेतील बाष्प त्यावर दवासारखे जमते.

या साऱ्याचा हिशेब किमतीत उतरतो. विक्रेत्याने सांगितलेल्या रकमेत बॅटरी, एसएसडी आणि वर्षाकाठी एका सफाईचा खर्च मिळवावा आणि त्या बेरजेला यंत्र अजून किती वर्षे सुरक्षा अद्ययावतीकरण घेऊ शकेल त्या संख्येने भागावे. प्रतिवर्षी पडणारा हा खर्च नव्या स्वस्त लॅपटॉपच्या अशाच खर्चाहून स्पष्टपणे कमी असेल तरच जुन्याची खरेदी सार्थ ठरते.