लगाम कोणाच्या हाती?

आकाशात स्वैर विहार करावा, ही मनुष्याची फार जुनी आकांक्षा आहे. आपल्या पुराणांतील विद्याधर आकाशमार्गे संचार करतात, तर पाश्चात्त्य कथांत अग्नी ओकणारा पंखधारी ड्रॅगन आढळतो. व्हिडिओ गेमच्या निर्मात्यांना या ड्रॅगनचे आकर्षण वाटले नसते तरच नवल. मात्र ड्रॅगनवर स्वार होणे जितके मोहक, तितकेच त्याला आपल्या इच्छेप्रमाणे वळवणे अवघड. 2007 मध्ये आलेल्या ‘लेअर’ या खेळाची कथा हेच सांगते. घरातील मुले पडद्यासमोर काय अनुभवतात हे जाणून घेऊ इच्छिणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही ती उद्बोधक वाटेल.

हा खेळ घडवणारी ‘फॅक्टर 5’ ही संस्था 1987 मध्ये जर्मनीत स्थापन झाली आणि पुढे अमेरिकेतील कॅलिफोर्नियात स्थिरावली. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवर आधारलेल्या ‘रोग स्क्वाड्रन’ या विमानयुद्धाच्या खेळांनी तिला लौकिक मिळवून दिला होता. त्यामुळे तिने सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन 3’ या नव्या यंत्रासाठी ड्रॅगनचा खेळ हाती घेतला, तेव्हा खेळाडूंच्या अपेक्षा उंचावल्या. कथेतही गांभीर्य होते. रोन हा ड्रॅगनस्वार योद्धा आपल्या राज्यासाठी लढतो. परंतु ज्यांना शत्रू मानले ते लोक उपासमारीने ग्रासलेले आहेत आणि युद्धामागे आपल्याच धर्मसत्तेचा हात आहे, हे कळल्यावर तो बाजू बदलतो. संगीतकार जॉन डेब्नी यांनी खेळाला वाद्यवृंदाचे भव्य संगीत दिले. ड्रॅगनचे खवले, समुद्राच्या लाटा, रणांगणावरील सैन्य यांची चित्रे पाहून पाहणारे थक्क होत.

अडचण निराळ्याच ठिकाणी होती. नोव्हेंबर 2006 मध्ये, प्लेस्टेशन 3 च्याच सुमारास, निन्टेन्डो कंपनीचे ‘वी’ हे यंत्र बाजारात आले. हात हलवून खेळण्याची त्याची रीत घराघरांत लोकप्रिय झाली. सोनीच्या ‘सिक्सॅक्सिस’ या कंट्रोलरलाही आपला कल ओळखण्याची सोय होती. ‘लेअर’मध्ये ड्रॅगनचे उड्डाण पूर्णपणे याच सोयीवर सोपवले गेले. कंट्रोलर डावीकडे झुकवला की ड्रॅगन डावीकडे वळावा, पुढे झटका दिला की त्याने वेग घ्यावा आणि वर हिसका दिला की त्याने जागीच मागे फिरावे, अशी योजना होती. अंगठ्याने दांडी फिरवून उडण्याची परिचित रीत खेळाडूंना दिलीच नव्हती.

कागदावर योजना सुंदर होती. हातातील वस्तू हीच लगाम, असा तिचा विचार. प्रत्यक्षात खेळाडू वेग घेण्यासाठी झटका देई आणि ड्रॅगन भलतीकडेच वळे. शत्रू पाठीशी लागलेला असताना वर दिलेला हिसका यंत्राला कळतच नसे. ऑगस्ट 2007 च्या अखेरीस खेळ अमेरिकेत विक्रीला आला आणि नाराजी उघड झाली. समीक्षकांच्या गुणांची सरासरी 100 पैकी सुमारे 53 इतकीच भरली. चित्रे आणि संगीत यांचे कौतुक, तर उड्डाणाविषयी तक्रार, असाच बहुतेकांचा सूर होता. चिकाटीने सराव करून त्या रीतीवर हात बसवणारे आणि तिची बाजू घेणारे खेळाडूही होते. पण ते थोडे.

यावर सोनीने समीक्षकांकडे एक मार्गदर्शक पुस्तिका पाठवली. खेळ कसा खेळावा, ड्रॅगन कसा उडवावा, याचे धडे तीत होते. हेतू साहाय्याचा असेलही. परंतु दोष खेळात नसून खेळणाऱ्याच्या हातात आहे, असा तिचा अर्थ अनेकांनी घेतला आणि पुस्तिकेची थट्टा झाली. ग्राहकाच्या तक्रारीला नियमावली हे उत्तर होऊ शकत नाही, हा व्यवहारातील जुना धडा आहे. नव्या खेळासाठी साठ डॉलर मोजणाऱ्याला पहिल्याच संध्याकाळी आनंद हवा असतो, प्रशिक्षण नव्हे.

अखेर एप्रिल 2008 मध्ये खेळाची सुधारित आवृत्ती इंटरनेटवरून विनामूल्य उपलब्ध झाली. तीत अंगठ्याच्या दांडीने ड्रॅगन उडवण्याचा पर्याय होता. खेळाडूंनी जे पहिल्या दिवसापासून मागितले, ते सुमारे साडेसात महिन्यांनी मिळाले. ज्यांनी तोवर खेळ जपून ठेवला होता, त्यांना तो अधिक सुखाने खेळता आला. पण पहिल्या आठवड्यात बसलेला शिक्का पुसला गेला नाही. फॅक्टर 5 चा अमेरिकेतील स्टुडिओ 2009 मध्ये बंद पडला. त्यामागे अन्य आर्थिक कारणेही होती, म्हणून सारा भार एका खेळावर टाकणे न्यायाचे नाही. तथापि ज्या खेळाने संस्थेची पत वाढायची, त्यानेच ती घटवली, हे खरे.

येथे 1995 च्या ‘पँझर ड्रॅगून’ची आठवण होते. सेगा कंपनीच्या ‘सॅटर्न’ यंत्रावरील त्या खेळात ड्रॅगनचा मार्ग ठरलेला असे. खेळाडूने चहूकडे नजर ठेवून नेम साधायचा, एवढेच. स्वातंत्र्य मर्यादित होते, पण जे दिले होते ते हाताच्या आज्ञेत होते. म्हणूनच साध्या चित्रांचा तो खेळ आजही आवडीने आठवला जातो. ‘लेअर’ने अवघे आकाश देऊ केले, पण लगाम मात्र भरवशाचा दिला नाही.

मुलाने नव्या खेळाचा हट्ट धरला की जाहिरातीतील देखणी दृश्ये पाहूनच निर्णय होतो. त्याऐवजी खेळ आधी कोणाकडे तरी प्रत्यक्ष हाताळून पाहावा, चार खेळाडूंचे मत ऐकावे आणि घाई नसेल तर काही महिने थांबावे. निर्मात्यांसाठीही यात बोध आहे. नवी रीत जरूर आणावी. परंतु जुनी वाट बंद करू नये. वापरणारा अडखळला, तर त्याच्या हाती पुस्तिका देण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे.