दारातली वहिवाट

कोकणातल्या जुन्या घरात शिरणाऱ्या माणसाला माजघर गाठण्यापूर्वी खळे, पडवी आणि ओटी असे तीन मुक्काम करावे लागत. खळ्यात तांब्याभर पाण्याने पाय धुवावेत, वहाणा पायरीपाशी सोडाव्यात, पडवीच्या खुंटीला निथळते इरले अडकवावे आणि मगच कोरड्या अंगाने ओटीवर टेकावे, हा शिरस्ता मुद्दाम कोणी शिकवीत नसे. घराची रचनाच तो शिकवी. देशावरच्या वाड्यांत हेच कार्य दिंडीदरवाजा, देवडी आणि सोपा यांच्याकडे असे. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे उभ्या राहिलेल्या बीडीडी चाळींत मात्र 160 चौरस फुटांची एकच खोली वाट्यास आली, आणि उंबरठा ओलांडताच माणूस थेट संसाराच्या मध्यभागी उभा राहू लागला. आजच्या सदनिकेतही पडवी आणि ओटी यांचा सारा कारभार दारामागच्या तीन-चार फुटांत उरकावा लागतो.

या जागेचा बंदोबस्त करावयाचा म्हटले की लोक आधी कपाटाच्या दुकानात जातात. मला हा क्रम उलटा वाटतो. खर्चाचा आकडा ठरविण्यापूर्वी आठवडाभर नुसते पाहावे : किल्ल्या कोण कोठे टाकतो, मुलाचे दप्तर कोणत्या भिंतीला टेकते, वहाणांचा ढीग दाराच्या नेमक्या कोणत्या अंगाला साचतो. ही घरच्यांची वहिवाट होय, आणि तिच्याविरुद्ध काढलेले कोणतेही फर्मान चार दिवसांहून अधिक चालत नाही. ढीग डावीकडे साचत असेल, तर उजवीकडे मांडलेले सागवानी कपाटसुद्धा रिकामे राहते. त्याच आठवड्यात मोजदादही करावी. पाच माणसांच्या घरात माणशी चार जोड धरले तरी वीस होतात, पण रोज पायात जाणारे त्यांतले सहा-सात; लग्नकार्याचे बूट आणि लहान झालेले सँडल पलंगाखाली किंवा माळ्यावर रवाना केले, की निम्म्याहून अधिक प्रश्न एक पैसाही न खर्चता मिटतो.

उरलेल्या जोडांसाठी, माझ्या मते, भांड्यांच्या जुन्या पोलादी मांडणीइतकी सोयीची वस्तू बाजारात नाही. स्वयंपाकघर नव्या धर्तीचे झाले की ही मांडणी बिचारी माळ्यावर जाते, नाहीतर भंगारवाल्याच्या हातगाडीवर. वास्तविक तिच्या ताटांच्या खाचांत रबरी चपला उभ्या बसतात, वरच्या गजांवर बूट राहतात, कपांच्या आकड्यांना किल्ल्या लागतात आणि चमच्यांच्या जाळीत पेन व टॉर्च मावतो. शिवाय गजांमधून वारा खेळत असल्याने पावसाळ्यातले ओले चामडे लवकर सुकते. बंद कपाटात त्याच चामड्यावर बुरशी धरते, आणि भुशाच्या दाबीव फळ्यांचे कपाट असेल तर पाणी पिऊन फळ्या फुगतात ते वेगळेच. ज्या मांडणीवर कालपर्यंत ताटे लावली तिच्यावर आज वहाणा ठेवणे घरातल्या वडीलधाऱ्यांना रुचणार नाही, हे उघड आहे. या तक्रारीचा निकाल युक्तिवादाने लागत नसल्यामुळे आपली मांडणी भंगारवाल्याच्या सुपूर्द करून त्याच्याकडून दुसऱ्या कोणाच्या घरची मांडणी घ्यावी. परक्या घरची मांडणी, का कोण जाणे, निर्दोष ठरते. भिंतीत गिट्ट्या ठोकून ती स्क्रूने पक्की करावी आणि निथळणाऱ्या पाण्यासाठी खाली एक पसरट ट्रे सरकवावा.

मापाची मात्र हयगय नको. मोठ्या माणसाचे पायताण आडवे ठेवावयाचे तर फळी फूटभर खोल लागते, म्हणजे चार फुटी बोळात चालावयास तीन फूट उरतात. बोळ त्याहून अरुंद असल्यास जोड तिरपे उभे राहतील असे उथळ रॅकच बरे. खुंट्या सुट्या न ठोकता एका लाकडी पट्टीवर बसवाव्यात, मोठ्यांसाठी पाच फुटांवर आणि मुलांसाठी साडेतीन फुटांवर, कारण हात पोहोचत नाही तिथले दप्तर जमिनीवरच पडणार. ओल्या छत्र्यांना रंगाची रिकामी बादली पुरते. दाराबाहेर काथ्याचे आणि आत जुन्या चादरीचे, अशी दोन पायपुसणी असावीत. विजेची बिले नि लग्नपत्रिका यांच्यासाठी भिंतीवर एक मोठा चिमटा असला, की आवक-जावकीचे दफ्तर पूर्ण झाले.

राहता राहिला दाराबाहेरच्या सामाईक जागेत ठेवलेल्या रॅकचा मामला. आगीच्या प्रसंगी सुटकेची वाट तीच असते हे सर्वांस मान्य असते. तरीही सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला, की प्रत्येकास शेजाऱ्याचेच रॅक तेवढे वाटेत दिसते, आणि मग तो विषय बहुधा पुढील सभेपर्यंत तहकूब होतो.