छर्‍यातला धातू बदलला, बंदूक हलकी झाली

अमेरिकेत मिसूरी, टेनेसी, अलाबामा अशा राज्यांत वसंत ऋतू म्हणजे रानटर्कीच्या शिकारीचा हंगाम. उजाडता उजाडता नर टर्की झाडावरून खाली उतरतो, मादीच्या आवाजाची नक्कल ऐकून शिकार्‍याच्या रोखाने येतो आणि सगळं जुळून आलं तर तीस-पस्तीस मीटरवर मान उंचावून उभा राहतो. या पक्ष्यासाठी बंदूक कुठली घ्यायची, याचं उत्तर तिथे कित्येक दशकं ठरलेलं होतं : १२ बोअर, आणि जमेल तितकं लांब काडतूस. १९८८ मध्ये तर १२ बोअरसाठी साडेतीन इंची काडतूसही बाजारात आलं. आज त्याच रानांत मुरलेले शिकारी २० बोअर, २८ बोअर, इतकंच काय, ४१० बोअरची बंदूक मांडीवर घेऊन बसलेले दिसतात. पंचवीस वर्षांपूर्वी ४१० घेऊन टर्कीच्या मागे निघालेल्या माणसाला इतरांनी बेजबाबदार म्हटलं असतं, आणि ते योग्यच ठरलं असतं. तेव्हाची नि आताची बंदूक जवळपास सारखीच आहे. काडतुसाच्या पोटातला धातू मात्र बदलला आहे.

‘बारा बोअर’ हा शब्द आपल्याकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यांमुळे कोकणातल्या बागायतदारांनाही माहीत असतो. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती १२ बोअर. तिचा व्यास साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर २० बोअर, १५.६ मिलिमीटर. म्हणून आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. ४१० मात्र या हिशेबात बसत नाही. तिथे नळीचा व्यासच ०.४१० इंच, म्हणजे साडेदहा मिलिमीटरच्या किंचित आत.

टर्कीच्या बाबतीत नेम धरायचा तो डोक्यावर आणि मानेवर. सात ते दहा किलोंच्या नराच्या अंगावर पिसांचा जाड थर असतो, खाली छातीचे भरघोस स्नायू. अंगावर छर्रे बसले तर तो बहुतेकदा पळून किंवा उडून जातो आणि कुठेतरी झुडपात तडफडून मरतो. मेंदूत किंवा मानेच्या मणक्यात छर्रे शिरले तरच मरण तत्काळ येतं. म्हणून काडतुसाकडून दोन गोष्टी हव्यात : त्या अरुंद जागेत एकाच वेळी अनेक छर्रे पडावेत, आणि त्यातल्या प्रत्येकात हाड फोडण्याइतका जोर उरलेला असावा.

शिशाचे छर्रे वापरायचे तर या दोन मागण्या एकमेकींच्या आड येतात. जोर टिकवायला छर्रा मोठा लागतो, आणि छर्रे मोठे घेतले की संख्या घटते. संख्या वाढवायची तर शिसं जास्त भरावं लागतं, त्यासाठी मोठी नळी लागते. बारीक नळीची आणखी एक अडचण होती. तिच्यात तेवढेच छर्रे भरायचे म्हटले की त्यांची उतरंड लांब होते. दारू पेटली की मागचे छर्रे पुढच्यांवर दाबले जातात. शिसं मऊ, ते चेपतं. चेपलेला छर्रा हवेत सरळ जात नाही, बाजूला फेकला जातो. ४१० चं नाव खराब होण्यामागे हे कारण होतं.

टंगस्टनने हे गणित फिरवलं. टंगस्टनची भुकटी थोड्या निकेल-लोखंडासोबत दाबून, भट्टीत तापवून घट्ट केली की जो मिश्रधातू मिळतो त्याची घनता घन सेंटिमीटरला सुमारे १८ ग्रॅम भरते. छर्‍यांच्या शिशाची ११ च्या आसपास, पोलादाची ८ हून थोडी कमी. शिवाय तो इतका कठीण असतो की नळीत चेपत नाही, गोल तो गोलच राहतो. याच कठीणपणामुळे नळीला ओरखडे पडू नयेत म्हणून छर्रे जाड प्लास्टिकच्या वाटीत भरावे लागतात.

आता हवेचा विचार करू. हवेचा अडथळा छर्‍याच्या आडव्या छेदावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. वेग टिकवण्याची ताकद वस्तुमानावर, म्हणजे घनता गुणिले व्यासाच्या घनावर. एकाला दुसर्‍याने भागलं की उरतं घनता गुणिले व्यास. शिशाचा पाच नंबरचा छर्रा तीन मिलिमीटरहून जरासा मोठा. त्याचा गुणाकार ३४ च्या घरात येतो. टंगस्टनचा नऊ नंबरचा छर्रा फक्त दोन मिलिमीटरचा, मोहरीच्या दाण्याएवढा. त्याचा गुणाकार साडेछत्तीस. म्हणजे इतका बारीक दाणा हवेत आपला वेग मोठ्या शिशाच्या छर्‍यापेक्षा कणभर जास्तच राखतो. हाडात-मांसात किती खोल शिरणार, याचाही अंदाज ढोबळमानाने याच गुणाकारावरून बांधता येतो.

मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो तो छर्‍यांच्या मोजणीचा हिशेब. १२ बोअरच्या काडतुसात ५० ग्रॅम शिसं भरलं, तर पाच नंबरचे सुमारे तीनशे छर्रे बसतात. ४१० च्या तीन इंची काडतुसात २३ ग्रॅम टंगस्टन भरलं, तर नऊ नंबरचे छर्रेही तीनशेच्या आसपासच. निम्म्याहून कमी वजनात तितकेच छर्रे, आणि खोल शिरण्याची ताकदही जवळपास तितकीच. फरक एवढाच की टंगस्टनच्या दाण्याचं वजन शिशाच्या छर्‍याच्या निम्म्याहून कमी. म्हणून त्याच्या अंगची ऊर्जाही निम्म्याच्या आसपास, आणि भोकही बारीक पडतं. डोक्या-मानेसाठी ते पुरतं, अंगावर नेम धरणार्‍यासाठी मुळीच नाही.

वजन घटलं की खांद्याला बसणारा धक्काही घटतो. संवेगाच्या नियमाने ढोबळ हिशेब मांडला, तर वर सांगितलेलं १२ बोअरचं काडतूस सव्वातीन किलोच्या बंदुकीतून झाडल्यावर खांद्यावर ६५ ज्यूलच्या आसपास ऊर्जा आदळते. अडीच किलोच्या ४१० मधून १५ च्या आसपास. टर्कीचा शिकारी झाडाला पाठ टेकून जमिनीवर बसलेला असतो, त्यामुळे अंगाला मागे सरकून धक्का जिरवायला जागा नसते. ज्याला एकदा जोरात लागलंय तो पुढच्या वेळी चाप ओढण्याआधीच खांदा आखडतो, डोळे मिटतो, आणि नेम हलतो. पक्षी जखमी होऊन निसटण्याचं हे फार मोठं कारण आहे. अनेक राज्यांत मुलांसाठी हंगामाचे वेगळे दिवस राखलेले असतात. त्या मुलांच्या, सडपातळ बांध्याच्या किंवा खांदा दुखावलेल्या माणसांच्या हाती लहान बोअर देणं म्हणूनच पक्ष्याच्याही हिताचं आहे.

मात्र नळी बारीक आहे म्हणून धक्का कमीच बसेल, असं कुणी गृहीत धरू नये. २० बोअरची काही टंगस्टन काडतुसं बेचाळीस ग्रॅमपर्यंत भरलेली असतात. हलक्या बंदुकीतून ती झाडली तर १२ बोअरच्या साध्या काडतुसापेक्षाही जोराचा दणका बसतो. काडतुसातलं वजन आणि बंदुकीचं वजन, दोन्ही एकत्र पाहावं लागतं.

मग येतो चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी केलेला निमुळता भाग. छर्रे किती दाट राहणार हे तो ठरवतो, पण कुठल्या बंदुकीत कुठला चोक कुठल्या काडतुसाशी जमेल, हे कागदावरच कळतं. चाळीस यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, मोठा कागद ताणून लावायचा आणि एक बार काढायचा. छिद्रं सर्वांत दाट जिथे, तिथे दहा इंच व्यासाचं वर्तुळ आखून पेनाने एकेका छिद्रावर खूण करत मोजायचं. शंभर छिद्रं हा शिकार्‍यांमधला रूढ दंडक. मला त्याहून महत्त्वाच्या वाटतात त्या मधल्या मोकळ्या जागा : टर्कीची मान छर्रा न लागता सुटेल एवढी फट कुठे राहिली आहे का? आणि दाटी नेम धरला तिथेच पडली, की वीतभर डावीकडे? छर्‍याच्या बंदुका असा दगा सर्रास देतात. नळीच्या टोकावरच्या माशीने तो दुरुस्त होत नाही, म्हणून टर्कीच्या बंदुकीवर लाल ठिपक्याची दुर्बीण बसवण्याची पद्धत पडली आहे. जवळच्या अंतरावर तर ती लागतेच. बारा-पंधरा मीटरवर सगळे छर्रे मुठीएवढ्या जागेतून जातात आणि नेम जरासा चुकला तरी पक्षी साफ सुटतो.

टंगस्टनमुळे एक वाईट मोहही आला आहे. साठ-सत्तर यार्डांवरून टर्की पाडल्याच्या फुशारक्या मारल्या जातात. तेवढ्या अंतरावर छर्रे विरळ होतात, पक्षी एक पाऊल सरकला तरी घाव अंगावर बसतो. आणि हा पक्षी असा वाया घालवण्याइतका मुबलक नेहमीच नव्हता : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रानटर्की जेमतेम दोन लाख उरले असल्याचा अंदाज होता. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुकांवरच्या आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवला. त्या पैशातून पक्षी जाळ्यात पकडून ओसाड पडलेल्या रानांत सोडले गेले आणि संख्या कित्येक पटींनी वाढली. अलीकडे आग्नेयेकडच्या काही राज्यांत ती पुन्हा घसरते आहे. अशा वेळी चाळीस यार्डांची मर्यादा नव्या काडतुसालाही लागू ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

किंमत ही मोठी अडचण. जगातलं बहुतेक टंगस्टन चीनमधून येतं. अमेरिकेत अशा एका काडतुसाला शिशाच्या काडतुसाच्या कित्येक पट पैसे पडतात. पण टर्कीचा शिकारी हंगामात मोजकेच बार काढतो, आणि सरावाला त्याच बंदुकीत स्वस्त, हलकी शिशाची काडतुसं चालतात.

पहिल्यांदाच घेणार्‍या प्रौढाने २० बोअर पाहावी, मध्यम भाराच्या काडतुसासह. ती इतर शिकारीलाही उपयोगी पडते. लहान मुलासाठी ४१०, एकनळी, दस्ता त्याच्या हाताच्या मापाचा. खरेदीआधी आपल्या राज्याचे नियम बघावेत, कारण छर्‍याच्या आकारावर आणि काही ठिकाणी बोअरवरही तिथे मर्यादा आहेत.