चुंबक ओढतो तेच मॅंगनीज नव्हे!

तुमसर : भंडारा जिल्ह्यातील तुमसर जसे तांदळासाठी, तसेच मॅंगनीजसाठीही ओळखले जाते. तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे 'मॉईल'च्या खाणी आहेत. अशा भागात 'अमक्याच्या शेतात चुंबक ओढला गेला, खाली माल आहे' असे कोणी म्हटले की कष्टाची पुंजी गुंतवण्याचा मोह होतो. व्यापारी बंधूंनी त्याआधी थोडे शास्त्र समजून घ्यावे.

मॅग्नेटोमीटर हे यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील बारीक फरक मोजते. आपल्याकडे हे क्षेत्र सुमारे ४५ हजार नॅनोटेस्ला आहे. जमिनीतील खडकांमुळे ते कमी-जास्त होते. मात्र हा फरक प्रामुख्याने मॅग्नेटाइट या लोखंडाच्या खनिजामुळे पडतो. ब्राउनाइट व पायरोलुसाइट ही मॅंगनीजची नेहमीची खनिजे फारच क्षीण चुंबकीय आहेत. जेकबसाइट या लोहयुक्त मॅंगनीज खनिजाला मात्र चुंबक जोरात ओढतो. म्हणजे उत्तम माल नकाशावर गप्प राहू शकतो आणि बिनकामाचा मॅग्नेटाइटयुक्त खडक गाजावाजा करतो!

दुसरी गोष्ट जुन्या चुंबकत्वाची. तापलेला खडक थंड होताना त्या काळच्या क्षेत्राची दिशा धरून ठेवतो. मॅग्नेटाइटच्या बाबतीत हे सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली घडते. ही दिशा आजच्या क्षेत्राच्या उलटही असू शकते. म्हणून खडकाचे नमुने प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय नकाशाचा अर्थ लावणे धोक्याचे.

तिसरी गोष्ट जागेची. आपल्या अक्षांशावर पृथ्वीचे क्षेत्र तिरपे असते. त्यामुळे जुने चुंबकत्व नसले तरी चढाव दक्षिणेकडे सरकतो आणि उतार उत्तरेकडे दिसतो. चढावाच्या टोकावरच बोअर मारला, तर पैसा मातीत! रूळ, विजेच्या तारा व लोखंडी भंगारही यंत्राला फसवतात.

यावर उपाय म्हणजे जोडीला गुरुत्वीय पाहणी. ब्राउनाइट पाण्याच्या पावणेपाच पट जड, तर भोवतालचा अभ्रकी खडक पावणेतीन पटीच्या आसपास. हा फरक यंत्राला कळतो. अखेरचा निकाल मात्र बोअरमधून काढलेल्या दगडाच्या तपासणीचाच.

आणखी एक ध्यानात ठेवावे. शेत विकत घेतले म्हणून मॅंगनीज काढण्याचा परवाना मिळत नाही. त्यासाठी खाणपट्टा लागतो आणि २०१५ च्या कायदादुरुस्तीपासून नवे पट्टे प्रामुख्याने लिलावाने दिले जातात. म्हणून कोणी रंगीत नकाशा पुढे केला, तर तीनच प्रश्न विचारा : नमुने तपासले काय? बोअरचा अहवाल कुठे आहे? पट्टा कोणाच्या नावे आहे? समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत बयाणा देऊ नका.