पोस्टमनची बास गिटार

जुना भिडू बँडमध्ये परततो, तेव्हा रॉकच्या जगात बहुधा दौरा आणि तिकीटविक्रीची गणितं मांडलेली असतात. कॅलिफोर्नियातल्या 'डिसेंडंट्स' या पंक रॉक बँडने जुन्या बासवादकाला घेऊन केलेला 'नाइन्थ अँड वॉलनट' हा अल्बम या हिशेबात बसत नाही. गाणी 1977 ते 1980 या काळातली, वादन 2002चं, गायन 2020चं!

हा बासवादक म्हणजे टोनी लोंबार्डो. 1979 साली तो बँडमध्ये आला तेव्हा ड्रमर बिल स्टीव्हन्सन शाळकरी वयाचा होता, तर टोनी तिशी ओलांडलेला, टपाल खात्यात नोकरी करणारा. लाँग बीचमधल्या ज्या चौकाजवळ त्यांचा सराव चाले, त्याचंच नाव अल्बमला दिलंय.

पंकमध्ये गिटार सुरांची भिंत उभी करते आणि बास सहसा तिच्या पायाशी ठोके देत राहते. आपल्या पथकातल्या ढोलासारखी. टोनीची बास मात्र ताशासारखी पुढे पळते. बँडचा 1982चा 'मायलो गोज टू कॉलेज' हा अल्बम लावून बघा. पहिल्याच गाण्यात आधी बास कानावर येते, बाकीचे मागून धावत येतात. पंधरा गाणी, बावीस मिनिटं, खेळ खल्लास. अल्बमचं नावही शब्दशः खरं होतं: गायक मायलो ऑकरमन जीवशास्त्र शिकायला निघाला होता. पुढे त्याने त्यात डॉक्टरेटही मिळवली.

बँड गावोगावी दौरे करू लागला, तसा टोनी बाजूला झाला. मात्र तो दुरावला नाही. त्याची गाणी घेऊन बिल आणि त्याच्या साथीदारांनी 1991 साली 'टोनीऑल' या नावाने एक अल्बम केला. 2002मध्ये टोनी, बिल आणि मूळ गिटारवादक फ्रँक नावेटा पुन्हा एकत्र आले, ते फोर्ट कॉलिन्समधल्या बिलच्या 'ब्लास्टिंग रूम' स्टुडिओत. फ्रँक मधल्या काळात संगीत सोडून ऑरिगनमध्ये मासेमारी करत होता. तिघांनी कोवळ्या वयातली गाणी वाजवून ठेवली.

मल्टिट्रॅक ध्वनिमुद्रणात ड्रम, बास, गिटार यांचा प्रत्येकाचा वेगळा पट्टा असतो. गायकाचा पट्टा कोरा ठेवता येतो. इथे तो अठरा वर्षं कोरा राहिला. दरम्यान 2008 साली फ्रँक गेला. मग 2020च्या कोरोनाकाळात मायलोने गेलेल्या मित्राची गिटार हेडफोनमध्ये ऐकत आपला आवाज भरला. गंमत अशी, की यातली बहुतेक गाणी मायलो बँडमध्ये येण्याआधीची! पोरसवदा वयातली चिडचिड सत्तावन्न वर्षांच्या शास्त्रज्ञाच्या गळ्यातून उतरली.

अल्बम 23 जुलै 2021 रोजी आला: अठरा गाणी, जेमतेम पंचवीस मिनिटं. यासाठी कुणाला खुर्ची सोडावी लागली नाही. 1980च्या दशकापासूनचा बासवादक कार्ल अल्वारेझ आजही बँडमध्येच आहे.

शेवटचं गाणं मात्र त्यांचं नाही. ते 'डेव्ह क्लार्क फाइव्ह' या इंग्लिश बँडचं, 1963 सालचं. बिल आणि मायलो दोघंही त्याच वर्षी जन्मले. टोनीला तेव्हा मिसरूड फुटलं होतं.