शेवाळी अकीक : दगडात वाढलेलं रान
(लेखमाला : पायाखालची रत्नं)

आपल्याकडे विहीर खोदताना काळा पाषाण संपला की बऱ्याचदा मांजऱ्या लागतो. बारीक-मोठ्या पोकळ्यांनी भरलेला, त्यातल्या काही पोकळ्यांत पांढरं-हिरवं काहीतरी साचलेला असा हा खडक. सुरुंग उडाला की ही भरण सुटी होते, मुरमाबरोबर वर येते आणि बांधावर पडून राहते. पुढे पाऊस तिला ओढ्यात लोटतो, ओढा मोसम नदीत. मागच्या भागात आपण याच वाटेने आलेल्या गारगोटीची ओळख करून घेतली. आज तिच्या कुळातला, पण तिच्याहून फार देखणा दगड : शेवाळी अकीक.

नदीपात्रात तो कोरडा पडलेला असेल तर चटकन नजरेत भरत नाही. वरून मळकट, खरबरीत साल असते. ओला करून उन्हाकडे धरला, की दुधी काचेसारख्या अंगात हिरवे धागे दिसायला लागतात. कुठे शेवाळाचा पुंजका, कुठे नेच्याचं पान, कुठे काळ्या फांद्यांचं निष्पर्ण झुडूप. चांगल्या तुकड्यात हे धागे एका पातळीत नसतात, मागे-पुढे तरंगत असतात. म्हणून दगड थोडा फिरवला की आतलं रान खोल होत जातं.

यात वनस्पतीचा अंशही नाही. दगडात अडकलेलं शेवाळ म्हणून कोणी तो विकत असेल, तर ते साफ चूक आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हारसाचे थर पसरले. थिजता थिजता त्यातल्या वायूंचे बुडबुडे अडकले, त्या या पोकळ्या. नंतर खडकातून पाणी झिरपत राहिलं. त्यात विरघळलेली सिलिका पोकळ्यांत साचली, आधी मऊ, मग हळूहळू घट्ट. त्याच पाण्यातलं लोह आणि मँगनीज तिच्यात फांद्या फोडत पसरलं. काळ्या-तपकिरी फांद्या या धातूंच्या ऑक्साइडच्या. हिरवा रंग बहुतेक वेळा क्लोराइट किंवा सेलाडोनाइट या खनिजांचा, आणि सेलाडोनाइट तर आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांना आतून हिरवा लेप दिल्यासारखं सर्रास सापडतं. शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियम सिलिकेटच्या द्रावणात मोरचुदाचा खडा टाकला की काही मिनिटांत झुडूप उगवल्यासारखं दिसतं. ‘रासायनिक बाग’ म्हणतात तिला. अकीकातल्या रानाची घडण समजून घ्यायला याहून चांगला प्रयोग नाही. विज्ञानाच्या शिक्षकांनी तो मुलांना जरूर दाखवावा.

झाडासारखी नक्षी असलेल्या अकीकाला उत्तर प्रदेशात बांदा भागात शजर म्हणतात. तिथे तो केन नदीत सापडतो. शरद पौर्णिमेच्या चांदण्यात समोरच्या झाडाझुडपांची छबी या दगडांत उतरते, असं तिकडे सांगतात. युरोपात अशाच दगडाला येमेनमधल्या मोखा बंदरावरून ‘मोखा स्टोन’ हे नाव पडलं.

आपला अकीक तर जगाने फार आधी पाहिला. जोर्वे, इनामगाव, नेवासे इथल्या ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांनी याच जातीच्या दगडाची धारदार पाती काढली. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या या जातीच्या दगडांची नोंद आहे. त्याच शतकात रोमचा प्लिनी लिहितो, की भारतीय अकीकात नद्या, अरण्यं, जनावरं दिसतात. वैद्य त्याच्या पाट्यांवर औषध उगाळतात आणि त्याच्याकडे नुसतं पाहिलं तरी डोळ्यांना बरं वाटतं, असंही त्याने नोंदवलं आहे.

मला मात्र सर्वांत जवळची वाटते ती ‘लिथिका’ या जुन्या ग्रीक काव्यातली समजूत. झाडाची नक्षी असलेला अकीक नांगरणाऱ्या बैलाच्या शिंगांना किंवा नांगरणाऱ्याच्या दंडाला बांधला, तर धान्याची देवता शेतावर प्रसन्न होते. पोळ्याला शिंगांना हिंगूळ लावून बेगड चिकटवणाऱ्या आपल्या माणसाला यात परकं काय वाटावं? युरोपात पुढे हा माळ्यांचा आणि शेतकऱ्यांचा दगड ठरला. इस्लामी परंपरेत अकीकाच्या अंगठीला मान आहे, आणि जपासाठी हकीकाची म्हणजे अकीकाचीच माळ आपल्याकडेही वापरतात.

आता रोग बरे करण्याचं. अकीक धारण केल्याने रक्तदाब उतरतो, ताप जातो, मन शांत होतं, असे दावे तुम्ही ऐकले असतील. अंगावर घातलेल्या दगडाने आजार बरा होतो याला वैज्ञानिक पुरावा नाही. हौस म्हणून, श्रद्धा म्हणून खुशाल घाला, पण त्यासाठी चालू गोळी बंद करू नका. युनानी आणि आयुर्वेदात अकीक पिष्टी आहे, ती जाणत्या वैद्याच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. दगड रात्रभर बुडवून ठेवलेलं पाणी पिऊ नका. बाजारातला पुष्कळ अकीक रंगवलेला असतो.

तो ओळखायचा कसा? अकीकाला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यामुळे तो रंग सहज पितो. सगळीकडे सारखाच भडक हिरवा असेल, चिरांमध्ये रंग गडद साचला असेल, तर शंका घ्यावी. नेलपॉलिश काढायच्या द्रावणात कापसाचा बोळा भिजवून पुसून पाहा. काही रंग बोळ्याला लागतात. क्षारांनी आत मुरवलेले मात्र लागत नाहीत, तिथे रत्नपरीक्षकाकडेच जावं. काच ओळखणं त्यामानाने सोपं आहे. अकीकाचा कठीणपणा मोहच्या मापावर 6.5 ते 7, काचेचा साधारण 5.5. अकीक काचेवर ओरखडा काढतो. काचेत भिंगाखाली गोल बुडबुडेही दिसतात.

निगा फार नाही, पण जी आहे ती पाळावी. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश, मग सुती फडकं. ब्लीच आणि आम्ल टाळा. गरम दगड थंड पाण्यात टाकला तर तडकतो. अंगठी घालण्याआधी कच्च्या दुधात ठेवायची रीत असेल तर नंतर ती नीट धुवा, नाहीतर कोंदणाखाली दूध साचून वास येतो. ‘शुद्धी’साठी दगड मिठात पुरणं मला पटत नाही. शेवाळी अकीकात बारीक चिरा असतातच, मीठ त्यांत जाऊन बसतं. मोती-पोवळ्यांबरोबर एका डबीत ठेवू नका, तो त्यांना ओरखडे पाडतो.

कोणाला नदीत चांगला तुकडा मिळाला तर घरच्या ग्राइंडरवर कोरडा घासत बसू नये. त्याची धूळ म्हणजे सिलिका, आणि ती फुप्फुसात गेली की कायमची. गुजरातमधल्या खंभातचा अकीक जगभर जातो. तिथे आयुष्यभर मणी घासणाऱ्या कितीतरी कारागिरांना या धुळीने सिलिकोसिस झाला आहे आणि त्यावर इलाज नाही. दगडाच्या गुणांची यादी सांगताना ही माणसं वगळली जातात, याचा मला मनापासून राग येतो. कापायचाच असेल तर पाण्याची धार सोडणाऱ्या यंत्रावर, मास्क लावून, जाणकाराकडूनच कापून घ्या.

न कापताही हा दगड पाहता येतो. पाणी भरलेल्या काचेच्या भांड्यात ठेवा आणि मागून मोबाइलचा दिवा धरा. सालीचा खरबरीतपणा पाण्यात हरवतो आणि पातळ कडेतून तरी आतली नक्षी दिसते. ज्यांना दख्खनच्या खनिजांचे उत्तम नमुने एकत्र बघायचे आहेत त्यांनी सिन्नरचं ‘गारगोटी’ संग्रहालय गाठावं. के. सी. पांडे यांनी ते उभं केलं आहे. मुलांना घेऊन जा आणि घाई करू नका. तिथल्या झिओलाइट खनिजांबद्दल पुढच्या आठवड्यात.